जाणीव होती की जाणीव झाली?

धावतपळत दादरला लोकल पकडली. उतरायचंय विक्रोळीला, मुलाखतीसाठी. माटुंगा गेलं, शीव गेलं, गाडी थांबायचं नाव घेत नाही. आधी हे नुसतं नजरेला येतं : ‘आय नोटिस्ड’. मग गाडी फास्ट असावी, हे हळूहळू ध्यानात येऊ लागतं : ‘इट डॉन्ड ऑन मी’. विक्रोळीचा फलाट डोळ्यांदेखत मागे पडतो, पोटात धस्स होतं : ‘इट हिट मी’. आणि ठाण्याच्या पुलावर घड्याळ पाहताना मुलाखत हुकल्याचं मनात पुरतं मुरतं : ‘इट सँक इन’.

एका प्रवासातल्या या चार जाणिवा. आपली मुलं चारही ठिकाणी ‘रिअलाइझ्ड’ लिहून मोकळी होतात. व्याकरण चुकत नाही, पण गोष्टीतला जीव जातो. ‘डॉन’ म्हणजे पहाट, म्हणून तिथे सावकाश उजाडणं आहे. ‘हिट’मध्ये तडाखा आहे, ‘सिंक’मध्ये खोल जाणं. ब्रिटिश माणूस ‘द पेनी ड्रॉप्ड’ म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे नाणं टाकून चालणारं जुनं यंत्र असतं : पेनी आत पडली की यंत्र सुरू. आपली ‘ट्यूब पेटते’, तसंच हे.

‘रिअलाइझ’चा जुना अर्थ प्रत्यक्षात आणणं. स्वप्न ‘रिअलाइझ’ होतं, ते याच अर्थाने. मनात एखादी गोष्ट खरी होऊन उभी राहते, हा अर्थ नंतरचा. म्हणून या शब्दापुढे येणारी गोष्ट खरीच धरली जाते. दुकान बंद आहे असं ‘आय थॉट’ म्हटलं, तर ते उघडंही असू शकतं. ‘आय रिअलाइझ्ड’ म्हटलं, की ते बंदच.

सगळ्यात जास्त जपायचं ते ‘अवेअर’ला. ‘बिवेअर’ याच घराण्यातला. मुळात अर्थ सावध असणं. त्यामुळे ‘आय वॉज अवेअर’ म्हणजे जाणीव होती, आणि ‘आय रिअलाइझ्ड’ म्हणजे जाणीव झाली. साहेबांना खुलासा लिहिताना ‘आय वॉज अवेअर ऑफ द मिस्टेक’ असं लिहिलंत, तर चूक ठाऊक असूनही गप्प बसलो, अशी कबुली दिल्यासारखं होतं. लिहायचं असतं : चूक उशिरा लक्षात आली.

हे बारकावे आपल्याला परके नाहीत. कळणं, जाणवणं, उमगणं, भान येणं यांतला फरक मराठी माणसाला न शिकवता कळतो. ‘मला कळलं’ म्हणताना आपण कर्ता होत नाही. कळणं आपल्याकडे चालत येतं. ‘इट डॉन्ड ऑन मी’ची घडण हीच. जुन्या इंग्रजीतला ‘मीथिंक्स’ तर शब्दशः आपलं ‘मला वाटतं’. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी क्षणभर मराठीत विचारावं : मला नेमकं काय झालं? दिसलं, उमगलं, की मुरलं? तिथे उत्तर सापडलं, की इंग्रजी शब्द निवडणं सोपं जातं.