समलिंगी गुप्तहेर (रहस्यपट)

समलिंगी गुप्तहेर हा गुन्हेशोधकथा आणि रहस्यपट यांतील एक पात्रप्रकार आहे. यात गुन्ह्याचा छडा लावणारा खाजगी गुप्तहेर स्वतः समलिंगी असतो आणि त्याची ही ओळख कथानकात उघडपणे किंवा सूचकपणे येते. हा प्रकार प्रथम अमेरिकन कादंबरीत रुजला व पुढे चित्रपटांत आला. मराठी रहस्यपटात तो अद्याप रूढ झालेला नाही. मात्र त्याचे घटक मराठी साहित्य व चित्रपटांत वेगवेगळ्या ठिकाणी आढळतात.

पार्श्वभूमी

जुन्या रहस्यपटांत समलिंगी व्यक्ती बहुधा संशयित किंवा खलपात्र म्हणून येत असे. डॅशिएल हॅमेट यांच्या १९३० च्या कादंबरीवरून जॉन ह्यूस्टन यांनी १९४१ मध्ये 'द माल्टीज फाल्कन' हा चित्रपट काढला. त्यातील जोएल कैरो हे पात्र याचे ठळक उदाहरण होय. हॉलिवूडच्या तत्कालीन निर्मितीसंहितेनुसार समलैंगिकतेचा उघड उल्लेख वर्ज्य होता. त्यामुळे कैरोची ओळख त्याच्या भेटपत्राला येणारा फुलांचा सुगंध, त्याचा पोशाख आणि हालचाली यांतून सुचवली गेली.

या विषयाचा खंडणीशी निकटचा संबंध आहे. समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा ठरतात तेथे पीडित व्यक्ती पोलिसांकडे जाऊ शकत नाही, कारण तक्रार नोंदवणे म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देणे ठरते. बेझिल डिअर्डन दिग्दर्शित 'व्हिक्टिम' (१९६१) या ब्रिटिश चित्रपटाचा गाभा हाच आहे. डर्क बोगार्ड यांनी साकारलेला विवाहित बॅरिस्टर आपली प्रतिष्ठा आणि संसार पणाला लावून खंडणीखोरांचा माग काढतो. तो व्यवसायाने गुप्तहेर नाही. तरीही शोध घेणारा व ज्याचे गुपित धोक्यात आहे तो एकच असल्याने हा चित्रपट या प्रकाराचा पूर्वसूरी ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये प्रौढ पुरुषांचे खाजगीतील संमतीने आलेले संबंध १९६७ मध्ये गुन्हेमुक्त झाले.

साहित्यातील उगम

जॉर्ज बॅक्स्ट यांच्या 'अ क्वीअर काइंड ऑफ डेथ' (१९६६) या कादंबरीत फॅरो लव्ह हा समलिंगी पोलीस गुप्तहेर आला. जोसेफ हॅन्सन यांनी 'फेडआउट' (१९७०) पासून डेव्ह ब्रँडस्टेटर या नायकाची बारा कादंबऱ्यांची मालिका लिहिली. ब्रँडस्टेटर विमा कंपनीसाठी संशयास्पद मृत्युदाव्यांची चौकशी करतो. तो आपल्या लैंगिकतेविषयी खंत बाळगत नाही, की तिचा डांगोराही पिटत नाही. रिचर्ड स्टीव्हन्सन यांचा डोनाल्ड स्ट्रेची हा न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील खाजगी गुप्तहेर १९८१ मध्ये वाचकांसमोर आला.

चित्रपट

स्ट्रेची मालिकेतील कादंबरीवर आधारलेला 'थर्ड मॅन आउट' (२००५) हा दूरचित्रवाणीपट रॉन ऑलिव्हर यांनी दिग्दर्शित केला. यात चॅड ॲलन यांनी स्ट्रेचीची भूमिका केली आहे. समलिंगी असल्याचे लपवणाऱ्या लोकांची नावे परस्पर जाहीर करणाऱ्या एका कार्यकर्त्याला धमक्या येतात व तो स्ट्रेचीकडे संरक्षण मागतो. त्याची ही पद्धत स्ट्रेचीला पटत नाही. दुसऱ्याचे गुपित उघड करण्याचा अधिकार कोणाला, हा चित्रपटातील प्रश्न म्हणूनच खुनाच्या रहस्याइतका महत्त्वाचा ठरतो. अभिनेते ॲलन यांची समलैंगिकता १९९६ मध्ये एका नियतकालिकाने त्यांची छायाचित्रे छापून उघड केली होती, हे येथे उल्लेखनीय आहे. या मालिकेत पुढे आणखी तीन चित्रपट निघाले.

त्याच वर्षी शेन ब्लॅक यांच्या 'किस किस बँग बँग' या विनोदी रहस्यपटात व्हॅल किल्मर यांनी समलिंगी खाजगी गुप्तहेर रंगवला. रायन जॉन्सन यांच्या 'ग्लास अनियन' (२०२२) मध्ये डॅनियल क्रेग यांनी साकारलेल्या बेन्वा ब्लाँक या गुप्तहेराचा जोडीदार पुरुष असल्याचे एका छोट्या प्रसंगातून कळते. येथे नायकाची ओळख हा कथेचा विषय राहत नाही. ती घरगुती तपशिलासारखी येऊन जाते.

भारतीय कायद्याचा संदर्भ

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंधांसाठी जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध या कलमाच्या कक्षेतून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध अखेर गुन्हेमुक्त केले. त्याच महिन्यात, २७ सप्टेंबर रोजी, व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे कलम ४९७ रद्द झाले. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण मात्र कायम राहिले. खाजगी गुप्तहेराचा व्यवसाय ज्या गुपितांवर चालतो, त्यांपैकी दोन अशा रीतीने फौजदारी कायद्याच्या बाहेर गेली. कुटुंब, नोकरी व प्रतिष्ठा यांविषयीची भीती मात्र निकालाने संपत नाही, म्हणून खंडणीचे कथानकही कालबाह्य झालेले नाही.

मराठीतील स्थिती

मराठी रहस्यकथेची परंपरा समृद्ध आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक घरोघरी पोहोचले. सुहास शिरवळकरांनीही रहस्यकथांचा मोठा वाचकवर्ग मिळवला. चित्रपटांत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) गाजला. निखिल महाजन दिग्दर्शित 'पुणे ५२' (२०१३) मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेला अमर आपटे हा पुण्यातील खाजगी गुप्तहेर दुसऱ्यांच्या वैवाहिक जीवनातील गुपिते टिपून उदरनिर्वाह करतो व स्वतःच गुंत्यात सापडतो. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) हा रहस्यपट नव्हे. तो पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील जमीनविक्रीत गुन्हेगारीचे मूळ शोधतो.

समलिंगी जीवनाचे चित्रण मराठीत स्वतंत्र वाटेने आले. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे नाटक, जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) मधील महिलाश्रमातील उपकथानक आणि सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी हे त्यातील टप्पे होत. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ व बहीण दोघेही पडतात आणि तो निघून गेल्यावर त्याचा अर्थ लावत बसतात. येथे गूढ आहे, शोधही आहे. नाही तो गुप्तहेर. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले.

रहस्यपट आणि समलिंगी जीवनाचे चित्रण या दोन्ही धारा मराठीत सशक्त असल्या, तरी त्यांचा संगम अजून झालेला नाही. गुपित उघड झाल्यास काय गमवावे लागते हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, तो दुसऱ्याचे गुपित कसे हाताळेल, हा या पात्रप्रकाराचा मूळ प्रश्न आहे.