घर भाड्याने दिलं म्हणून कूळ लागत नाही. पण कागद पक्का हवा

रत्नागिरी : गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले की आमच्याकडच्या वाड्यांत पुन्हा कुलुपं लागतात. दुसरीकडे मिरजोळे आणि लोटे एमआयडीसीत, जयगडला कामाला आलेली माणसं खोली शोधत फिरतात. दापोलीत कृषी विद्यापीठाची, रत्नागिरीत वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं फिरतात. घर रिकामं, गिऱ्हाईक दारात, तरी मालक म्हणतो, "नको रे बाबा, उद्या कूळ लागलं तर?"

ही भीती कुठून आली ते कोकणात कुणाला सांगायला नको. पण ती घराला लागू आहे का, हे एकदा नीट समजून घेऊ.

कूळ कायदा जमिनीचा, घराचा नाही

कूळ कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा त्यातला कृषक दिन. त्या दिवशी जो शेतजमीन कसत होता त्याला मालकीचा हक्क मिळाला. हा कायदा शेतजमिनीपुरता आहे. राहायला दिलेल्या खोलीला या कायद्याने कूळ लागत नाही.

मात्र एक खबरदारी घ्या. घराबरोबर परडं, कलमं, भाजीचा वाफा "तूच बघ" म्हणून सोडून देऊ नका. करारात स्पष्ट लिहा की फक्त घर राहायला दिलं आहे, जमीन आणि झाडं दिलेली नाहीत. वर्षातून एकदा सातबारा काढून पीक पाहणी आणि 'इतर हक्क' हे दोन रकाने बघा.

मग खरा धोका कशात आहे?

तोंडी व्यवहारात. घरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठं म्हणजे, वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं सगळे सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असंही नाही.

हा कायदा मुख्यतः त्याच्या यादीतल्या शहरांना लागू आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे वकिलाला विचारा. पण गाव यादीत नसलं तरी नोंदवलेला कागद असेल तर तुमची बाजू भक्कम राहते.

'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे काय?

यात तुम्ही घराचा हक्क देत नाही, ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देता. मुदत संपली की माणसाने जायचं. गेला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने मागता येतं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. भाडं महिना ४,००० आणि अनामत १५,००० धरू. अकरा महिन्यांचं भाडं ४४,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज १,३७५. एकूण ४५,३७५ वर पाव टक्का म्हणजे ११३ रुपये. शंभराच्या पटीत पूर्ण केले तरी २००. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, नगरपालिका हद्दीत १,०००. वर करार करून देणाऱ्याची फी असेल ती.

दोघांचं आधार कार्ड असेल तर हे काम ऑनलाइन होतं. फोटो आणि अंगठा घेतात. आधार नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं.

सामाईक घर असेल तर

आपल्याकडचा खरा गुंता इथेच. आजोबांच्या नावाचं घर, त्याला चार भाऊ, दोन बहिणी, निम्मे मुंबईला. एकाने परस्पर भाड्याने दिलं की दुसरा शिमग्याला येऊन भांडतो. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, नावं कुणाची आहेत ते बघा आणि सगळ्यांची लेखी संमती घ्या. कुणी येऊ शकत नसेल तर त्याच्याकडून कुळमुखत्यारपत्र घ्या. भाड्याची वाटणी कशी होणार तेही लिहून ठेवा.

करारात हे लिहाच

- मुदत, भाडं, भाड्याची तारीख आणि अनामत कधी परत देणार
- किती माणसं राहणार
- लायटीच्या मीटरचं पहिल्या दिवसाचं रीडिंग
- विहिरीच्या पंपाचं बिल कोण भरणार
- पावसाआधी कौलं परतायची कुणी आणि खर्च कुणाचा
- मुदतीआधी सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं

मी स्वतः दोन खोल्या एका ड्रायव्हरला तोंडीच दिल्या होत्या. माणूस चांगला होता, पण एके रात्री सामान घेऊन गेला आणि तीन महिन्यांचं लायटीचं बिल माझ्या नावावर राहिलं. तेव्हापासून रीडिंगचा फोटो काढल्याशिवाय चावी देत नाही.

भाडेकरूची माहिती, फोटो आणि ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्या. पोलीस पाटलांच्याही कानावर घाला. तसा आदेश लागू असेल आणि माहिती दिली नसेल तर गुन्हा मालकावर दाखल होतो.

फुकट राहायला देताय?

"घर उघडं राहील, दिवा लागेल" म्हणून ओळखीच्याला फुकट ठेवतात. यात कागदच नसतो, म्हणून हे जास्त जोखमीचं. बारा वर्षांच्या ताब्याचा दावा अशाच ठिकाणी उभा राहतो. परवानगीने राहणाऱ्याला तसा हक्क मिळत नाही, पण परवानगी दिली होती हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. फुकट दिलं तरी कागद करा.

माणूस निघत नसेल तर

सामान बाहेर फेकू नका, लाईट-पाणी तोडू नका. तसं केलं तर कायद्याने तुम्हीच अडकता. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००.

शेवटचं एक. संमतीच्या सह्या टपालाने गोळा करायला वर्ष जातं. गणपतीला नाहीतर मे महिन्यात सगळे भाऊबंद एकाच पडवीत बसलेले असतात. कागद आधीच तयार ठेवा आणि ते निघायच्या आत सह्या घेऊन टाका.