हिवाळ्याचा बंदोबस्त आणि काही रूढ समजुती

न्यू जर्सी, इलिनॉय किंवा कॅनडातील ओंटारिओ या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तेथील घर, तेथील कायदा, किंबहुना तेथील बर्फसुद्धा एकदोन वर्षांत अंगवळणी पडतो. परंतु तळघराच्या कोपऱ्यात उभी असलेली फर्नेस मात्र पुष्कळ काळ परकीच राहते. आपल्याकडे थंडीचा बंदोबस्त ज्याने त्याने आपल्या देहापुरता करावयाचा असतो. गोधडी, कानटोपी, फार झाले तर अंगणातली शेकोटी, इतक्यात तो आटोपतो. सबंध घरच एका ठरावीक तापमानावर अहोरात्र राखावयाचे, ही गोष्ट आपल्या पिढीजात अनुभवात नाही, आणि जेथे अनुभव नाही तेथे ऐकीव माहितीचा अंमल लवकर बसतो. वास्तविक न्यू जर्सीतल्याच मॉरिसटाऊन गावच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या आणि घराच्या निरनिराळ्या भागांना हवी तशी उष्णता पुरवू शकणाऱ्या भट्टीचे पेटंट १९१९ सालीच मिळवले होते. त्यानंतर यंत्रे सुधारत गेली. समजुती शेकोटीच्याच राहिल्या.

त्यांतली सर्वांत दृढ समजूत थर्मोस्टॅटविषयी आहे. बाहेरून कुडकुडत आलेला गृहस्थ जोडे काढण्यापूर्वी भिंतीवरच्या त्या चौकोनापाशी जातो आणि ६८ अंश फॅरनहाइट पुरेसे असताना आकडा ८० वर नेऊन ठेवतो, कारण त्यामुळे घर लवकर तापेल अशी त्याची खात्री असते. स्वयंपाकघरातील गॅसचे बटण अधिक फिरवले म्हणजे ज्योत मोठी होते, तसे येथे काही घडत नाही. साध्या फर्नेसला थर्मोस्टॅट दोनच हुकूम देऊ शकतो, पेट आणि थांब. आकडा ६८ असो वा ८०, ज्वाला तितकीच आणि तापण्याचा वेगही तितकाच. फरक एवढाच की जे ६८ ला थांबावयाचे ते ८० पर्यंत चालू राहते, आणि तासाभराने तेच गृहस्थ खिडकी उघडताना दिसतात. घरात हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारे यंत्र, असेल तर हा उतावीळपणा अधिकच महाग पडतो. मागणी आणि प्रत्यक्ष तापमान यांत मोठी तफावत दिसली की पुष्कळ यंत्रे विजेच्या तारा तापवणारी साहाय्यक व्यवस्था आपण होऊन सुरू करतात, आणि तितक्याच उष्णतेसाठी तिला पंपाहून कितीतरी अधिक वीज लागते.

याच्या उलट टोकाची समजूत काटकसरी मंडळींत आढळते: रात्री तापमान उतरवले तर पहाटे घर पुन्हा तापवताना सगळी बचत निघून जाते, तेव्हा आकडा हलवूच नये. हा हिशेब दिसतो चोख, पण त्याची पहिलीच रक्कम चुकीची मांडलेली असते. घरातून उष्णता ज्या वेगाने बाहेर जाते तो वेग आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असतो. घर जितका वेळ थंड राहील तितका वेळ ही गळती कमी, आणि सकाळी जे इंधन लागते ते रात्री वाचलेल्यापेक्षा कमीच भरते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते दिवसातून आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली ठेवल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. हीट पंपाला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू करू नये, आणि त्याची सबब वर आलीच आहे.

न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांतील हवेच्या जाळ्या बंद करण्याचा शिरस्ताही असाच काटकसरीतून आलेला आहे. मुले शिकावयास दूर गेली, त्यांच्या खोलीचे व्हेंट मिटले, तेवढा गॅस वाचला, असे वाटते. पण फर्नेसचा पंखा एका ठरावीक प्रमाणात हवा ढकलण्यासाठी बसवलेला असतो. वाटा बंद केल्या की नळांतला दाब वाढतो, हवा सांध्यांच्या फटींतून तळघरात आणि माळ्यावर निसटते, आणि आतला उष्णताविनिमयक प्रमाणाबाहेर तापल्याने यंत्र मध्येच बंद पडू लागते. या फटी आधीच थोड्या नसतात. सर्वसाधारण घरात वाहत्या हवेपैकी २० ते ३० टक्के नळांच्या गळतीतच वाया जाते, असा ‘एनर्जी स्टार’ या सरकारी योजनेचा अंदाज आहे. तेव्हा हिवाळ्यापूर्वी एक सुटीचा दिवस खर्चावयाचाच असेल तर तो तळघरातल्या उघड्या नळांवर हात फिरवून गार-गरम झुळूक कोठे लागते ते पाहण्यात खर्चावा, आणि ती भोके मॅस्टिक लेपाने किंवा धातूच्या पातळ पट्टीने बुजवावीत. कापडी डक्ट टेप तेथे उपयोगाची नाही. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ च्या सुमारास निरनिराळ्या पट्ट्यांची परीक्षा घेतली, तेव्हा उष्णतेपुढे हीच लवकर हरली होती.

भारतातून हिवाळ्यात आलेल्या आईवडिलांची नेहमीची तक्रार असते की या भट्टीने हवा कोरडी पडते, घसा बसतो, टाचा भेगाळतात. तक्रार खरी, आरोपी मात्र दुसराच. गोठणबिंदूच्या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे पाच ग्रॅम बाष्प मावते, आणि २१ अंश सेल्सियसला अठरा ग्रॅमच्या वर. म्हणून बाहेरची थंडगार हवा, ती बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी, घरात शिरून तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पाव हिश्श्यावर येते. भट्टी पाणी जाळत नाही. दारे-खिडक्यांच्या फटींतून सतत आत येणारी बाहेरची हवा हेच कोरडेपणाचे मूळ. म्हणून फटी बुजवल्याने इंधन वाचते आणि टाचाही वाचतात. आर्द्रक यंत्र लावल्यास आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि काचांवर पाणी साचू लागले तर ती आणखी उतरवावी, नाही तर चौकटींना बुरशी धरते.

हीट पंप थंडीत निकामी ठरतो, ही समजूत एके काळी अगदीच निराधार नव्हती. जुनी यंत्रे कडाक्याच्या थंडीत खरोखर हात टेकत. पण शून्य अंश सेल्सियसच्या हवेतही उष्णता असतेच, कारण निरपेक्ष शून्य त्याच्याही खाली २७३ अंशांवर आहे. नव्या, थंड हवामानासाठी घडवलेल्या यंत्रांपैकी पुष्कळ उणे २५ अंशांच्या आसपासही काम देतात. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांत ती घरोघरी आहेत. त्यांच्या थंडीविषयी दाखला द्यावयास नको. मात्र भर जानेवारीत बाहेरच्या पेटीतून पांढरा लोट उठताना पाहून नवा मालक घाबरतो आणि आग लागली म्हणून मुख्य कळ बंद करतो. तो धूर नव्हे. नळ्यांवर जमलेला हिमस्तर वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट चालते, आणि त्याची ती वाफ असते. ही पेटी हिवाळ्यात ताडपत्रीने झाकण्याचा हौशी उद्योगही करू नये, कारण तिला श्वास घेण्यासाठी मोकळी हवा हवी. नुसत्या वातानुकूलन यंत्राची बाहेरची पेटीसुद्धा चहूबाजूंनी गुंडाळल्यास आत ओल कोंडून गंज चढतो आणि उंदरांना आयती जागा होते. वरून बर्फाचे सुळके पडण्याचे भय असेल तर डोक्यावर एक फळी पुरे.

फिल्टर जितका दाट तितका चांगला, हेही खरे नाही. पंख्याच्या शक्तीबाहेरचा फिल्टर हवा अडवतो. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार घ्यावा आणि हिवाळ्यात एक ते तीन महिन्यांनी बदलावा.

उरलेली एक समजूत जिवावर बेतणारी आहे: वास येत नाही, म्हणजे धोका नाही. स्वयंपाकाच्या वा नैसर्गिक वायूला जो उग्र दर्प येतो तो त्याचा स्वतःचा नसून मुद्दाम मिसळलेला असतो. टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत १९३७ साली गंधहीन वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० मुले व शिक्षक दगावले, त्यानंतर असा गंध मिसळणे कायद्याने भाग पडले. पण अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग; रक्तातील प्राणवायूची जागा तो गुपचूप बळकावतो, आणि डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही त्याची लक्षणे लोक सर्दीतापाच्या खाती टाकतात. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरपायी झालेले असे मृत्यू महाराष्ट्रातील वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस अपरिचित नाहीत. तोच वायू तडा गेलेल्या फर्नेसमधूनही येतो. घरातल्या अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर पडताच बरे वाटले, तर तो इशारा समजून तत्काळ घर सोडावे व बाहेरूनच अग्निशामक दलास कळवावे. ज्वाला निळी, स्थिर असावी. पिवळी, लपलपती दिसल्यास तंत्रज्ञास बोलवावे. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ सूचकयंत्र असावे, व त्याच्या पाठीवरची मुदत वाचावी, कारण त्याचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचेच असते. मोसमात पहिल्यांदा फर्नेस पेटवल्यावर काही वेळ येणारा करपट वास बहुधा साचलेल्या धुळीचा असतो; तो तासाभरात गेला नाही तरच चौकशी करावी.

शेवटची बाब डिसेंबरात भारतात येणाऱ्यांसाठी. घर रिकामे, मग ते तापवायचे कशाला, म्हणून फर्नेस पूर्ण बंद करून जाणे हा तिकडच्या सर्वांत महागड्या काटकसरींपैकी एक प्रकार होय. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. पण नळ फुटतो तो पुष्कळदा बर्फाच्या जागी नव्हे, तर बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने, आणि ते कळते बर्फ वितळून तळघर भरल्यावर. तापमान निदान ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवावे, बागेतली रबरी नळी काढून घ्यावी, मुख्य झडप बंद करून तोट्या एकदा उघडून टाकाव्यात, भिंतीबाहेर निघालेल्या फर्नेसच्या प्लॅस्टिकच्या नळ्या बर्फाखाली बुजणार नाहीत अशी कोणाकडे तरी तजवीज करावी. आणि ज्या शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली असेल त्याला ती झडप कोठे आहे हे नुसते सांगू नये, खाली नेऊन दाखवून द्यावे.