पाचवे शील आणि दुःखाचे दिवस

रविवारच्या वंदनेत त्रिशरण-पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलापाशी एखाद्या उपासकाचा आवाज खाली येतो. हे आम्ही अनेक वेळा पाहिले आहे. त्याने दारू सोडून महिना-दीड महिना झालेला असतो. घरात कर्जाचा तगादा असतो, हातचे काम गेलेले असते किंवा जवळचे कोणी नुकतेच वारलेले असते. अशा दिवसांत शीलाचे शब्द त्याला आधार वाटावेत की आरोप वाटावेत? या प्रश्नाचे उत्तर केवळ त्याच्यावर अवलंबून नाही, ते विहारात त्याच्या शेजारी बसलेल्या आपणा सर्वांवरही अवलंबून आहे.

प्रथम शीलाचा अर्थ पाहू. पंचशीलातील प्रत्येक नियमाला 'सिक्खापद' म्हटले आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पद. ती वरून आलेली आज्ञा नव्हे, मनुष्याने स्वतः समजून स्वीकारलेला अभ्यास आहे. पाचव्या शीलात सुरा व मेरय यांचा उल्लेख 'पमादट्ठान' म्हणून, म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे स्थान म्हणून येतो. सावधपणा गेला की उरलेली चारही शीले उघडी पडतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती याच कारणाने. शतकानुशतके ज्यांची बुद्धी दडपली गेली, त्या समाजाला सावध बुद्धीची गरज सर्वांत अधिक होती.

विनयपिटकात सागत स्थविरांची कथा आहे. ऋद्धिबलाने त्यांनी एका भयंकर नागाला नमविले. कोसंबीच्या उपासकांना इतका आनंद झाला की त्यांनी घरोघरी उत्तम मद्य तयार ठेवून ते स्थविरांना दिले. घरोघरी ते प्राशन करून सागत नगरद्वारापाशी कोसळले. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना विचारले की, ज्याने नागाशी झुंज दिली तो आता पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? या प्रसंगानंतर भिक्खूंना मद्यपान निषिद्ध झाले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सागतांना मद्य शत्रूने दिले नव्हते, चाहत्यांनी प्रेमापोटी दिले होते. आपल्याकडे लग्नाच्या हळदीला आणि मयताच्या घरीही हाच आग्रह होतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला 'एक घोट घे, दुःख हलके होईल' असे सांगणारा बहुधा त्याचा हितचिंतकच असतो.

दुसरी गोष्ट शरीराची आहे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. दारू एकाएकी थांबली की तो अतिउत्तेजित होतो. पहिल्या दिवसातच हात कापणे, घाम आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही जणांना भ्रम होऊन जिवाला धोका निर्माण होतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने केवळ प्रतिज्ञेच्या बळावर घरी एकट्याने दारू तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडावी. त्यात धम्माला कमीपणा नाही. भगवंतांनी आजारी भिक्खूंसाठी औषधांची अनुज्ञा दिली होती. मात्र दारूशी वैर करणारी गोळी नवऱ्याच्या जेवणात नकळत मिसळण्याचा जो प्रकार काही घरांत चालतो, तो सर्वस्वी टाळावा. वर दारू घेतली गेल्यास तो जिवावर बेतू शकतो, आणि विश्वास तर जातोच.

शरीर सावरल्यानंतरही आठवडे, कधी महिने, झोप लागत नाही, चिडचिड होते, मन उदास राहते. घरचे म्हणतात, 'पीत होता तेव्हा बरा होता.' वस्तुतः हा बरे होण्याचाच भाग असतो. नेमक्या याच काळात बाहेरचे संकट आले की मन जुन्या वाटेकडे ओढ घेते.

ही ओढ कशी निर्माण होते, हे संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात स्पष्ट केले आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना होय. अज्ञानी माणूस त्यावर शोक व आक्रोश करून दुसरा बाण स्वतःच ओढवून घेतो. पुढे तथागत सांगतात की, असा माणूस दुःखातून सुटण्यासाठी इंद्रियसुखाकडे धावतो, कारण सुटकेचा अन्य मार्ग त्याला ठाऊकच नसतो. व्यसनाचे याहून अचूक निदान क्वचितच सापडेल. काम गेले हा पहिला बाण. 'माझे सगळे संपले, मी असाच' हा दुसरा बाण. आणि गुत्ता हा त्याला ठाऊक असलेला एकमेव दवाखाना. कर्ज दारूने फिटत नाही, गेलेले माणूस परत येत नाही, उद्या सकाळी पहिला बाण तेथेच असतो आणि त्यात तिसऱ्याची भर पडलेली असते.

प्रतीत्यसमुत्पादात वेदनेनंतर तृष्णा येते. साधना करणाऱ्यास या दोहोंमध्ये एक फट दिसू लागते. तलफ ही लाटेसारखी असते. ती चढते, शिखर गाठते आणि ओसरते. तिला बळी न पडता श्वासावर लक्ष ठेवून तिच्याकडे पाहता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी याच तत्त्वावर उपचारपद्धती उभारली, आणि सिअ‍ॅटल येथील एका कैदगृहातील विपश्यना शिबिरांचा त्यांच्या गटाने केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. शिबिरानंतर सुटलेल्या बंद्यांचे मद्यपान व अन्य व्यसन, शिबिर न केलेल्यांच्या तुलनेत कमी आढळले.

परंतु लाट मोठी असेल तेव्हा काय करावे? मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठानसुत्तात अकुशल विचार आवरण्याचे पाच उपाय क्रमाने दिले आहेत. पहिला, सुतार मोठी खुंटी लहान खुंटीने काढतो तसा वाईट विचार चांगल्या विचाराने व कामाने काढावा. दुसरा, त्याच्या परिणामांचे चिंतन करावे. तिसरा, नको असलेल्या दृश्यावरून डोळे फिरवावेत तसे त्याकडे लक्ष देऊ नये. सायंकाळी गुत्त्याची गल्ली सोडून दुसऱ्या रस्त्याने घरी जाणे हे याचेच व्यावहारिक रूप आहे. चौथा, धावणारा माणूस वेग कमी करीत चालू लागतो, थांबतो, बसतो, तसा विचाराच्या कारणाचा वेग ओसरू द्यावा. आपण आता भुकेले आहोत, रागावलो आहोत, एकटे आहोत की थकलो आहोत, हे तपासले तर तलफेचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. पाचवा उपाय, दातावर दात रोवून मन मनाने दाबावे. हा उपाय तथागतांनी अखेरीस सांगितला आहे. आपण मात्र व्यसनी माणसाला बहुधा हा एकच सांगतो, 'मन घट्ट कर.' चार पायऱ्या वगळून पाचवीवर उभे केलेला माणूस घसरला तर दोष त्याच्या एकट्याचा कसा?

म्हणूनच कल्याणमित्राचे महत्त्व आहे. कल्याणमैत्री हे अर्धे ब्रह्मचर्य होय, असे आनंदांनी म्हटले, तेव्हा भगवंतांनी ते दुरुस्त करून ती संपूर्ण ब्रह्मचर्य असल्याचे सांगितले. अनुभवही हेच सांगतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ एका मद्यपीने दुसऱ्यापाशी मन मोकळे करण्यातून उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले. आपल्या प्रत्येक विहाराला केंद्र उभारता येणार नाही. पण पगाराच्या दिवशी एखाद्याच्या सोबतीने घरापर्यंत चालणे, त्याच्या संमतीने पगार पत्नीच्या हाती जाईल अशी व्यवस्था करणे, सावकाराशी बोलताना त्याच्या बाजूला उभे राहणे, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्याला कामाची जबाबदारी देणे, एवढे तर प्रत्येक वस्तीला शक्य आहे.

आणि तो घसरलाच तर? संयुत्तनिकायात कपिलवस्तूच्या सरकानि शाक्याची कथा आहे. तो मृत्यू पावल्यावर भगवंतांनी त्याला स्रोतापन्न म्हटले. तेव्हा लोक कुरकुरू लागले की, हा तर शिक्षेत दुबळा होता, दारू पीत होता. भगवंतांनी उत्तर दिले की, तो दीर्घकाळ बुद्ध, धम्म व संघाला शरण गेलेला उपासक होता आणि मरणसमयी त्याने शिक्षा अंगीकारली होती. ही कथा पिण्याची मुभा नव्हे. तसा अर्थ काढणारा स्वतःलाच फसवितो. परंतु कुरकुरणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत काय, हे तिने आपल्याला विचारले आहे. घसरलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका त्या एका पेल्याचा नसतो. 'आता शील मोडलेच आहे, मग पुरतेच मोडू दे' या विचाराचा असतो. शिकण्याचे पद चुकले तर ते पुन्हा गिरवायचे असते. म्हणूनच आपण पंचशील आयुष्यात एकदाच न घेता दर वंदनेला घेतो.

पुढील रविवारी पाचव्या शीलापाशी कोणाचा आवाज खाली आला, तर मागे वळून पाहू नये. आपला आवाज थोडा वाढवावा, म्हणजे त्याला त्यात आपला मिसळता येईल. आणि वंदना संपल्यावर त्याच्यासोबत चालत घरी जावे.