फिरंगी म्हणजे नेमकं कोण?

गिरगावात खोताच्या वाडीतली लाकडी व्हरांड्याची जुनी घरं पाहिली की लोक सहज म्हणतात, ‘ही फिरंगी घरं.’ पण कुणी तिथल्या माणसांनाही फिरंगी म्हणतं, म्हणून हा शब्द आपण नीट समजून घेऊ.

शब्दाचं मूळ युरोपातल्या ‘फ्रँक’ लोकांच्या नावात आहे. अरबीत त्याचं ‘इफ्रंज’ झालं आणि क्रुसेडच्या काळात ते पश्चिम युरोपातून आलेल्या सगळ्यांनाच लागलं. फारसीत ‘फरंग’, त्यावरून उर्दू-मराठीत फिरंगी. थायलंडमध्ये आजही गोऱ्या परदेशी माणसाला ‘फरांग’ म्हणतात. तिथे ती शिवी नाही. पेरूलासुद्धा फरांगच म्हणतात! मात्र हेटाळणीच्या सुरात म्हटलं तर तोच शब्द बोचतो.

मराठीत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती त्यांच्याकडून. युरोपी पात्याच्या तलवारीलाही ‘फिरंग’ म्हणत. १८५७ च्या उठावात हा शब्द इंग्रजांसाठी संतापाने वापरला गेला.

वाडीतले ईस्ट इंडियन ख्रिश्चन मात्र इथल्याच मातीतले. पोर्तुगीज अमलात त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला. बोली मराठीचीच राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास स्वतः घेतलं.

‘तुम्ही बाहेरचे’ हे ऐकताना कसं वाटतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मग शेजाऱ्यांना तरी आपण त्यांच्या स्वतःच्या नावानेच ओळखू या. मुलांनाही तेच शिकवू या.