भाड्याने दिलेले घर आणि नवखा मालक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट, जुन्या वाड्याच्या पुनर्विकासातून वाट्याला आलेली सदनिका किंवा नोकरीनिमित्त कुटुंब परदेशी गेल्यामुळे बंद पडलेले घर पहिल्यांदाच भाड्याने देणारा महाराष्ट्रातील मालक हा धंदेवाईक घरमालक नसतो. त्याला कायद्याची ओळख होते ती एजंटच्या, सोसायटीच्या कार्यालयाच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून, आणि या सांगण्यात रद्द झालेल्या कायद्याच्या आठवणी, बाजारातील रूढी व चालू कायदा यांची सरमिसळ झालेली असते. निवासी जागा आज प्रामुख्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिल्या जातात. या पद्धतीत मालक जागेतील कोणताही हक्क हस्तांतरित करत नाही, तर ठरलेल्या मुदतीपुरती ती वापरण्याची केवळ अनुज्ञा देतो. रूढ अर्थाच्या भाडेकरूला मात्र जागेत कायदेशीर हितसंबंध प्राप्त होतो. व्यवहारात दोघांनाही ‘भाडेकरू’ म्हणण्याचा प्रघात असल्याने येथेही तोच शब्द वापरला आहे आणि फरक जेथे महत्त्वाचा आहे तेथे तो स्पष्ट केला आहे.

गैरसमज १ : अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केली की पुरते.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे, कारण त्यातील कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची असल्याने मुदत वर्षाच्या आत ठेवण्याची युक्ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र ही युक्ती निरुपयोगी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. याहून गंभीर परिणाम पुराव्याचा आहे : नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

नोंदणी महाग पडते ही भीतीही निराधार आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते आणि ते एकूण भाडे, परत न करावयाची रक्कम व परतफेडीच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने काढलेले मानीव व्याज यांच्या बेरजेवर आकारले जाते. दरमहा २५,००० रुपये भाडे, १,००,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरल्यास भाड्याचे २,७५,००० व व्याजाचे सुमारे ९,१६७ मिळून २,८४,१६७ रुपयांवर शुल्क येते ते जेमतेम ७१० रुपये. त्यात शहरी भागात १,००० रुपये नोंदणी फी आणि दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च मिळवावा लागतो. साठ महिन्यांपर्यंत शुल्काचा दर एकच असल्याने अकरा महिन्यांचा आकडा केवळ सवयीने टिकून आहे.

गैरसमज २ : बारा वर्षे राहिलेला भाडेकरू घराचा मालक होतो.

वस्तुस्थिती : मुदत अधिनियम, १९६३ मध्ये स्थावर मालमत्तेचा ताबा परत मिळवण्याच्या दाव्यासाठी बारा वर्षांची मर्यादा आहे, परंतु ती मोजली जाते प्रतिकूल ताब्यापासून, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे व अखंडपणे ठेवलेल्या ताब्यापासून. मालकाच्या अनुमतीने राहणारा आणि दरमहा भाडे भरणारा मनुष्य त्या भाड्यातूनच मालकाचा हक्क मान्य करत असतो, त्यामुळे त्याचा ताबा कितीही वर्षांचा झाला तरी केवळ काळाच्या ओघात प्रतिकूल ठरत नाही.

तरीही ही भीती कोठून आली हे समजून घेतले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा आणि त्याबरोबरचे संरक्षण मिळाले, व असंख्य मालकांना आपली जागा परत मिळणे दुरापास्त झाले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या आजच्या कायद्याने त्या जुन्या कायद्याची जागा घेतली असून निवासी लायसन्सची मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा स्वतंत्र मार्ग त्यात दिला आहे. घर वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवणारे मालक बहुधा रद्द झालेल्या कायद्यालाच भीत असतात.

गैरसमज ३ : एजंट नेमला की तक्रारींची जबाबदारी त्याची.

वस्तुस्थिती : एजंटचे काम सामान्यतः भाडेकरू आणणे, घर दाखवणे आणि करार नोंदवून देणे एवढेच असते, व दलाली हाती पडली की ते संपते, त्यानंतर गळका नळ किंवा बंद पडलेला गिझर पाहणे त्याच्यावर बंधनकारक नसते, जोपर्यंत देखभालीचे काम वेगळ्या लेखी कराराने व वेगळ्या मोबदल्यावर त्याच्याकडे सोपवलेले नसते. याची दुसरी बाजू मालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २२९ नुसार एजंटला मालकाच्या कामाच्या ओघात मिळालेली सूचना ही त्रयस्थ व्यक्तीच्या दृष्टीने मालकालाच मिळालेली सूचना ठरते. छताला ओल आल्याचे भाडेकरूने एजंटला कळवले आणि एजंटने ते मालकाच्या कानावर घातले नाही, तर आपल्याला काही ठाऊकच नव्हते हा मालकाचा बचाव लंगडा पडू शकतो. ‘राहायला येण्याआधी रंग लावून मिळेल’ यासारखे एजंटचे तोंडी आश्वासन त्याच्या अधिकाराच्या कक्षेत बसत असेल, तर तेही मालकावर बंधनकारक होऊ शकते. म्हणून एजंटला कोणते अधिकार आहेत, भाडे व अनामत थेट मालकाच्या खात्यात जमा होईल की नाही आणि तक्रार कोणाकडे करायची, हे आरंभीच लिहून ठेवणे इष्ट असते. परदेशस्थ मालकाने तर सही व नोंदणीसाठी विश्वासू नातलगाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देणे अधिक सुरक्षित.

गैरसमज ४ : दलालीचा दर कायद्याने ठरलेला आहे आणि रेरा नोंदणी असलेला एजंट भाड्याच्या व्यवहारातही रेराला उत्तरदायी असतो.

वस्तुस्थिती : मुंबई-पुण्यात दोन्ही पक्षांकडून प्रत्येकी एका महिन्याचे भाडे घेण्याची रीत आहे, पण ती रीतच आहे, नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा दलाली द्यायची की नाही हेही आपसांतील बोलण्यांवर ठरते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) मधील एजंटची व्याख्या गृहप्रकल्पांतील मालमत्तेच्या विक्रीच्या व्यवहारांभोवती बांधलेली असल्याने रेरा क्रमांक हा भाडे व्यवहारातील सचोटीचा दाखला मानता येत नाही.

गैरसमज ५ : घरातील दुरुस्ती एक तर सगळी भाडेकरूची, नाही तर सगळी मालकाची.

वस्तुस्थिती : भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुर्लक्ष केले, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. हे कलम रूढ अर्थाच्या भाडेकरूसाठी लिहिलेले आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारातील अटच निर्णायक ठरते, आणि छापील नमुन्यांत ती अनेकदा एका मोघम वाक्यात उरकलेली असते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमातील वाटणी येथे नमुना म्हणून उपयोगी आहे : बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळाचे पाइप बदलणे व वायरिंग मालकाकडे, तर तुंबलेले निचरे, नळाचे वायसर, स्विच-सॉकेट, गिझर आणि खिडकीच्या काचा भाडेकरूकडे.

प्रत्यक्षात सर्वाधिक वाद होतो तो ओलीवरून. न्हाणीघराच्या छताला पिवळसर डाग पडतो, पोपडे सुटू लागतात आणि भाडेकरू भाडे अडवण्याची भाषा करतो, तेव्हा पाणी कोठून येते हा पहिला प्रश्न असतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच बाहेरील सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे, तर सदनिकेच्या आतील, उदाहरणार्थ वरच्या मजल्यावरील शौचालयाची, गळती त्या सभासदाने स्वखर्चाने थांबवायची असते. भाडेकरू हा संस्थेचा सभासद नसल्याने त्याच्या अर्जाला तेथे फारसे वजन नसते. तक्रारीचे पत्र छायाचित्रांसह मालकानेच सचिवांना द्यावे लागते. भाडेकरूची तक्रार ही मालकाच्या स्वतःच्या मालमत्तेच्या झिजेची आगाऊ सूचना असते, आणि जी ओल त्याने वेळीच कळवली ती पुढच्या पावसाळ्यात स्लॅबच्या सळयांपर्यंत पोचण्याआधी थांबवता येते.

गैरसमज ६ : सोसायटीच्या परवानगीशिवाय घर भाड्याने देता येत नाही.

वस्तुस्थिती : आदर्श उपविधी मालकाकडून आगाऊ माहिती, नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलीस ठाण्याला कळवल्याची प्रत अपेक्षित धरतात, यापेक्षा वेगळ्या ‘ना हरकत’ दाखल्याची अट तेथे नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरले जात नाहीत. सेवाशुल्क महिना २,००० रुपये असेल तर ही आकारणी फार तर २०० रुपये होते. पोलिसांना माहिती देणे मात्र कोणत्याही सबबीवर टाळू नये, कारण अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशाने ते सक्तीचे असते.

गैरसमज ७ : नव्या कायद्याने अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे.

वस्तुस्थिती : दोन महिन्यांची ही मर्यादा वर उल्लेखिलेल्या आदर्श अधिनियमातील आहे, आणि आदर्श अधिनियम हा राज्यांपुढे ठेवलेला नमुना असल्याने राज्याने तो स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. अनामत परत करताना कोणती कपात करायची हेही करारावर अवलंबून असते, आणि नेहमीच्या वापराने फिका पडलेला रंग व फोडलेले बेसिन यांत फरक करणे न्याय्य ठरते. ताबा देताना पंखे, दिवे व फर्निचर यांची यादी, वीजमीटरचा आकडा आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे दोघांच्या सहीने कराराला जोडली, तर शेवटच्या दिवसाची घासाघीस टळते.

गैरसमज ८ : भाडे थकले किंवा मुदत संपली की वीज-पाणी तोडून, कुलूप बदलून घर रिकामे करून घेता येते.

वस्तुस्थिती : भाडेकरूची अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय बंद करण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ मनाई करते. लिव्ह अँड लायसन्सच्या बाबतीतही असा दांडगावा करणारा मालक स्वतःच पोलीस तक्रारीचा विषय होतो, आणि याच कायद्याने देऊ केलेली त्याची भक्कम बाजू नाहक कमकुवत होते. कलम २४ नुसार निवासी लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र दाखल करून परवानगी मिळवल्याशिवाय समोरच्याला अर्जाला विरोध करता येत नाही, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी त्याला लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. या कार्यवाहीत लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीआधीच जागा रिकामी करून हवी असेल, तर थकबाकीमुळे करार संपुष्टात आणण्याची आणि नोटिशीची अट करारातच असावी लागते. ती नसेल तर एजंटच्या किंवा सोसायटीच्या शब्दाने ती निर्माण होत नाही.

या आठही गैरसमजांत एक समान चूक आहे, ती म्हणजे जे लिहून घ्यायला हवे होते ते ओळखीवर, रिवाजावर किंवा मध्यस्थाच्या भरवशावर सोडण्याची. मालकाला मिळणारे संरक्षण त्याच्या नोंदणीकृत करारातून येते, आणि तोच करार भाडेकरूलाही त्याच्या हक्कांची हमी देतो. म्हणून नमुन्यातील रिकाम्या जागा भरून सही करण्याआधी दुरुस्ती, नोटीस, अनामत व तक्रारीची पद्धत ही चार कलमे मालकाने स्वतः वाचून, भाडेकरूशी चर्चा करून, आपल्या घराच्या स्थितीनुसार लिहून घ्यावीत.