तुरीवरील निळें फुलपांखरूं

तूर फुलावर आली म्हणजे एक लहानसें निळें फुलपांखरूं कळ्यांभोंवतीं घिरट्या घालतांना दिसूं लागतें. पाहणारास तें केवळ मधासाठीं आलें असें वाटतें. मध तें पितेंच. परंतु मादी येते ती मुख्यतः अंडीं घालण्यास, व त्यांतून निघणारी अळी पुढें शेंगेंतील कोंवळे दाणे खाते. यास्तव या कीटकाचा जीवनक्रम प्रत्येक शेतकऱ्यानें जाणून घेणें हिताचें आहे.

या जातीचें शास्त्रीय नांव 'लॅम्पिडीस बोएटिकस' असें असून लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७६७ सालीं तिचें वर्णन केलें. दक्षिण युरोप, आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत ती आढळते. नराचे पंख वरून जांभळट निळे, तर मादीचे तपकिरी व मुळाशीं निळसर असतात. मागील प्रत्येक पंखाच्या कडेस दोन काळे ठिपके व एक केसासारखें शेपूट असतें. बसल्यावर फुलपांखरूं हे पंख हलवितें. तेव्हां ठिपके डोळ्यांसारखे व शेपटें मिशांसारखीं भासतात, आणि पक्ष्याची चोंच डोक्याऐवजीं पंखाच्या टोकावर पडून जीव बचावतो.

मादी कळ्यांवर एकेक अंडें घालते. अळी प्रथम कळी पोंखरते व मोठी झाल्यावर शेंगेंत शिरते. ती हिरवट, चपटी असून तिचें डोकें अंगाखालीं दडलेलें असतें. घाटे अळी अर्धें अंग बाहेर ठेवून शेंग खाते, व पिसारी पतंगाची अळी केसाळ असते. यावरून तिन्ही निरनिराळ्या ओळखतां येतात. निळ्या फुलपांखराच्या अळीच्या पाठीवर शेवटाकडे एक ग्रंथि असून तींतून गोड रस स्रवतो. त्या रसासाठीं मुंग्या जमतात, आणि त्यांच्या वावरामुळें अळीच्या शत्रूंस जवळ येणें कठीण होतें. सबब मुंग्या कीड खात आहेत असें समजून स्वस्थ राहूं नये. झाडावर मावा नसतांही कळ्यांवर मुंग्यांची ये-जा दिसल्यास ती या अळीची खूण समजून कळ्या उघडून पाहाव्या.

तथापि घाबरून जाण्याचेंही कारण नाहीं. तुरीचीं बहुतेक फुलें स्वभावतःच गळतात; त्यामुळें थोड्या कळ्या गेल्यानें उत्पन्न घटतेंच असें नाहीं. खरी हानि शेंगा पोंखरल्यानें होते. उलटपक्षीं, फुलपांखरें दिसतांच भर फुलोऱ्यांत जालीम औषध फवारल्यास परागीकरणास साह्य करणाऱ्या मधमाश्या व किडीचे शत्रु असलेले उपकारक कीटक मात्र मरतात.

म्हणून फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत आठवड्यांतून दोनदां शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडें तपासावीं. अळ्या थोड्या असल्यास वेंचून नष्ट कराव्या. अधिक असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळीं फवारावा. वाल, चवळी, वाटाणा व ताग यांवरही ही अळी पोसते. तेव्हां शेजारचीं हीं पिकें तपासण्यास विसरूं नये.